मोड आणि मोल

(स्मृतिव्याख्यानमालेत रोहा आणि पेण इथे लागोपाठच्या दोन संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. शब्दांकन पेणच्या भाषणावरून.)



काल हेच भाषण मी रोह्याला केलं. रोहेकरांनी दोन ठिकाणी मला जागच्या जागी दुरुस्त केलं, तेव्हा पेणकरांना आज सुधारून वाढवलेली आवृत्ती मिळते आहे असं समजा. रोह्याला उद्या काय मिळेल ते तुमच्या हातात आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या आमच्या खेळाच्या सरांचा फोटो समोर टेबलावर आहे, समई आहे, आणि समईशेजारी एका बशीत शिट्टी ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. पितळेची शिट्टी. वरचा पांढरा मुलामा उडालेला आहे, तोंडाशी दातांच्या खुणा आहेत, आणि आतली बुचाची गोळी अडकून बसली आहे. मघाशी कार्यकर्त्यांची नजर चुकवून मी ती फुंकून पाहिली. नुसती हवा आली. पेणच्या आणि रोह्याच्या किती पोरांनी या शिट्टीवर मैदानाला फेऱ्या मारल्या असतील ते तुम्ही जाणता. मी मारलेल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या शिक्षा म्हणून.

आता काल रोह्यात काय झालं ते ऐका. भाषण संपलं, चहा आला, आणि एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ती पेणवाल्यांकडची शिट्टी सरांची नाही बरं का. खरी माझ्याकडे आहे."

म्हणजे भाषणाच्या विषयाला दाखला माझ्या हातात आयताच आला. नवी शिट्टी खेळाच्या दुकानात पाचपन्नास रुपयांत मिळते, आणि ती वाजते. ही वाजत नाही. मग हिची किंमत किती? तीन रुपये? तीन हजार? की असं विचारणंच पाप? आणि ही खरी नसेल तर? समईशेजारची तिची जागा जाईल का?

जी वस्तू गेली तर दुसरी आणता येत नाही, तिला पैशात मोजायचं कसं, हा आजचा विषय. वस्तू खेळातल्या घेणार आहे, कारण सर खेळाचे होते. मी तीन गोष्टी बोलणार आहे. पहिली धातूची, दुसरी पुराव्याची, तिसरी गरजेची. तिसरीला वेळ जास्त लागेल, पहिलीत मी माझाच एक गुन्हा कबूल करणार आहे.

गुन्ह्यापासूनच सुरुवात करू.

कुंडलिकेच्या काठी आमचं गाव. गावात कबड्डीचं मंडळ. रायगड जिल्ह्यात देवळाशिवाय गाव असेल एखादं, कबड्डीच्या मंडळाशिवाय नसेल. आमच्या मंडळाकडे एक फिरती ढाल होती. हातभर उंचीची सागवानी फळी, मधोमध पितळेची मोठी ढाल, आणि तिच्या भोवती बोटभर लांबीच्या पितळी पट्ट्या. दरवर्षी जिंकणाऱ्या संघाचं आणि कर्णधाराचं नाव एका पट्टीवर कोरायचं आणि दोन चुका मारून ती ठोकायची. स्पर्धा बंद पडली तेव्हा ढाल ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे आमच्याकडे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी मंडळाच्या खोलीला रंग काढला. कपाट रिकामं करायचं होतं. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस. ढाल काळी पडलेली, फळीला वाळवीची शंका, आणि दारात भंगारवाला उभा. त्याने फळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, लाकूड मला नको. मग ओट्यावर बसून त्याने स्क्रू ड्रायव्हरने एकेक पट्टी उचकटली. टक, टक, टक. पट्ट्यांचा ढीग तागडीत टाकला, वर ती मोठी ढाल वाकवून टाकली. दोनशे दहा रुपये आले. वहीत मी लिहिलं: मोड विक्री, रुपये २१०, आणि खाली सही ठोकली. रंगाऱ्यांना भजी आणि चहा त्यातूनच झाला.

फळी मात्र राहिली. ती अनेक वर्षं आमच्या घरी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. लाकूड सगळं काळवंडलेलं, पण जिथे जिथे पट्ट्या होत्या तिथे फिकट चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला चुकांची दोन भोकं. नावं गेली होती. जागा राहिल्या होत्या. पाणी घेताना रोज दिसायच्या. एकदा मी बसून ते चौकोन मोजले. सतरा. सतरा कर्णधारांपैकी मला आज पाच आठवतात.

ही झाली पहिली गोष्ट, धातूची. भंगारवाल्याचा हिशेब चूक नव्हता हो. पितळेचा भाव त्याने बरोबर लावला. चूक माझी, मी त्याला पितळ विकलं असं मला वाटलं.

या हिशेबाने जगातल्या मोठमोठ्या वस्तू मोजून पाहिल्या तर मजा येते. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घ्या. त्यात सोनं असतं सहा ग्रॅम, तेही वरच्या मुलाम्यात. आत सगळी चांदी. निखळ सोन्याची पदकं १९१२ साली शेवटची दिली गेली. पॅरिसला २०२४ साली तर पदकाच्या मध्यभागी आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा अठरा ग्रॅमचा तुकडा बसवला होता. लोखंड! आपल्याकडे लग्नात कोणी सोन्याच्या पदकात लोखंड बसवून आणलं असतं तर सोयरीक मोडली असती.

आणि हाच हिशेब चोर करतो. फुटबॉलच्या विश्वचषकाचा पहिला चषक, ज्युल्स रिमे चषक, दोनदा चोरीला गेला. पहिल्यांदा १९६६ साली लंडनला, तेही पोस्टाच्या तिकिटांच्या प्रदर्शनातून. चोराने लाखो पौंडांच्या तिकिटांना हात लावला नाही, चषक नेला. आठवड्याने पिकल्स नावाच्या एका कुत्र्याने तो कुंपणाखाली हुंगून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुढे १९७० साली ब्राझीलने तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला आणि चषक कायमचा ब्राझीलचा झाला. त्यांनी तो काचेच्या पेटीत ठेवला. काच कशी, तर बुलेटप्रूफ. पण पेटीची मागची बाजू लाकडी. १९८३ च्या डिसेंबरात चोरांनी ते लाकूड पहारीने उचकटलं आणि चषक घेऊन गेले. तो आजतागायत मिळालेला नाही. वितळवला असावा असंच सगळे धरून चालतात. ही हकीगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या ओट्यावरची टक टक ऐकू आली. तिथे चोर होते, आमच्याकडे चिटणीस होता.

आता एक मिनिट पैशाकडेच वळू. पैशाबद्दल बोलताना चिंतामणराव देशमुखांना वगळून कसं चालेल? रोह्याच्या मातीतला मुलगा १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, आणि देशाच्या नोटांवर त्याची सही आली. नोटेचा मोठा गुण कोणता? ती कोणाला चिकटत नाही. तुमच्या खिशातली शंभराची आणि माझ्या खिशातली शंभराची बदलली तर दोघांपैकी कोणालाच फरक पडत नाही. फाटली तर बँक दुसरी देते. प्रत्येक नोटेला लाखो जुळी भावंडं असतात, म्हणून तर ती पैसा. आता गंमत पाहा. देशमुखांच्या सहीची तीच नोट आज नाणी आणि नोटा जमवणाऱ्याकडे न्या. तो ती भिंगाखाली धरेल, घड्या मोजेल, आणि छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पट पैसे देईल. भावंडं संपत गेली तशी ती नोट पैसा राहिली नाही, वस्तू झाली. ज्यांना एकेकाळी इथली बँक बुडाल्यावर ठेवीच्या पावत्या हातात घेऊन रांगेत उभं राहावं लागलं, अशी माणसं या सभागृहात बसलेली आहेत. कागदाचा कधी पैसा होतो आणि पैशाचा कधी कागद होतो, हे मी पेणकरांना शिकवायला नको.

पेणकरांना आणखी एक गोष्ट मी शिकवायला नको, पण बोलायचा मोह आवरत नाही. वस्तू मोलाच्या हिशेबातून बाहेर कधी पडते? ती नेमकी घटका जगात कुठे पाहायला मिळत असेल तर इथे. हमरापूर, जोहे, कळवे, सगळीकडे गणपतीचे कारखाने. कारखान्यात गणपतीला भाव आहे. शाडूचा की पीओपीचा, किती इंचाचा, रंगकाम साधं की जरीचं, डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची. घासाघीस होते. वाटेत मूर्तीचा हात दुखावला तर दुसरी मूर्ती घेता येते. आणि चतुर्थीच्या सकाळी भटजी दूर्वा लावतात, प्राणप्रतिष्ठा होते, आणि त्या क्षणापासून त्याच मूर्तीची किंमत कोणी विचारली तर घरातली म्हातारी त्याला उठवून बाहेर काढेल. माती तीच, रंग तोच. दीड दिवसाने, पाच दिवसांनी, दहा दिवसांनी तीच मूर्ती पाण्यात सोडतो आपण. विकत नाही आणि जपूनही ठेवत नाही. आपली माणसं या बाबतीत फार शहाणी आहेत. खेळातल्या वस्तूंचं दुखणं असं की त्यांची प्राणप्रतिष्ठा होते, पण विसर्जन कसं आणि कधी करायचं ते कोणीच ठरवलेलं नाही. त्या घरात राहतात. माळ्यावर राहतात. धूळ खातात. आणि एक दिवस रंग काढायचा असतो.

असो. दुसरी गोष्ट, पुराव्याची.

२२ जून १९८६. मेक्सिको सिटी. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाचा हाताने मारलेला गोल, आणि चार मिनिटांनी निम्म्या संघाला चकवत केलेला दुसरा गोल. हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशीच्या जर्सीची कथा मात्र कबड्डीच्या मंडळाला शोभेल अशी आहे. मेक्सिकोत उकाडा मरणाचा. अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकाला निळ्या जर्सी जड वाटल्या. मग सामन्याच्या आधी माणूस बाजारात पाठवून दुकानातून हलक्या निळ्या जर्सी विकत आणल्या, घाईघाईने बिल्ले शिवले, आणि पाठीवर चमचमते आकडे लावले तेही अमेरिकन फुटबॉलचे. थोडक्यात, दुकानातला तयार माल.

सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलली. पुढे जवळपास वीस वर्षं ती त्याने इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयात ठेवायला दिली होती. मे २०२२ मध्ये ती लंडनला लिलावात निघाली आणि एकाहत्तर लाख बेचाळीस हजार पाचशे पौंडांना गेली. तेव्हाच्या दराने आपले साधारण अडुसष्ट कोटी रुपये.

पण लिलावाआधी काय झालं? मॅराडोनाची मुलगी म्हणाली, ही ती जर्सी नव्हेच. बाबांनी मध्यंतरात जर्सी बदलली होती. हॉजकडे आहे ती पहिल्या सत्रातली. दोन्ही गोल दुसऱ्या सत्रातले!

विचार करा. माणूस तोच, मैदान तेच, घाम त्याच दुपारचा. फक्त पंचेचाळीस मिनिटांचा फरक. पण त्या फरकावर कोट्यवधी रुपये टांगलेले. मग तज्ज्ञ बसले. सामन्याचे फोटो मोठे केले. बिल्ल्याचा टाका कुठे वाकडा, आकड्यावरची पट्टी कुठे सरकलेली, हे एकेक ताडून पाहिलं आणि निर्वाळा दिला की जर्सी दुसऱ्या सत्रातलीच. घाईत बसलेले ते वाकडे टाके साक्षीला उभे राहिले. शिंपी नीटनेटका असता तर पंचाईत होती.

म्हणून मी म्हणतो, अडुसष्ट कोटी कापडाला मिळाले नाहीत, मॅराडोनाच्या घामालाही मिळाले नाहीत. ते मिळाले एका वाक्याला: ही तीच आहे. ते वाक्य जितकं पक्कं तितका आकडा मोठा. महेंद्रसिंग धोनीने २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर ज्या बॅटने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, ती बॅट त्याच वर्षी जुलैत लंडनला एक लाख पौंडांना गेली. त्या वाक्यावर शंका नव्हती, कारण सगळा देश साक्षीला होता. आणि तो चेंडू गॅलरीत जिथे पडला तिथल्या खुर्च्या? त्यांचं मुंबई क्रिकेट संघटनेने स्मारक करायचं ठरवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या बरं का. त्यांच्यावर कोणी थोर माणूस बसलेला नव्हता. त्यांनी काही केलंही नव्हतं. पण "इथेच" हा शब्द त्यांना चिकटला.

तो शब्द खोटा चिकटला तरी पैसे येतात, हेही सांगून टाकतो. मघाच्या ज्युल्स रिमे चषकाची एक नक्कल इंग्लंडमध्ये केलेली होती. ती १९९७ साली लिलावात आली. अंदाज होता वीस-तीस हजार पौंडांचा. पण कुजबुज उठली, हाच अस्सल असला तर? चोरीच्या धास्तीने त्या काळी अदलाबदल झाली असली तर? फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेच तो दोन लाख चौपन्न हजार पाचशे पौंडांना घेतला. तपासला. नक्कलच होती.

याच्या उलटही आहे. मुहम्मद अलीचं १९६० सालचं सुवर्णपदक हरवलं. त्याने ते वर्णद्वेषाच्या संतापात ओहायो नदीत फेकलं असं तो सांगे, कोणी म्हणे नुसतंच हरवलं. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये त्याला दुसरं पदक दिलं. हात थरथरत होते त्याचे. ते पदक खरं की बदली? पॅरिसची ब्राँझपदकं काही महिन्यांतच खरबडली, रंग उडाला, आणि फ्रान्सच्या टांकसाळीने ती बदलून द्यायचं कबूल केलं. बदलून आलेलं पदक गळ्यात पडलेलं नाही, ते कुरिअरने आलेलं आहे. माझ्या मते अलीचं दुसरं पदक खरं, कारण ते देताना जग पाहत होतं आणि देणाऱ्याला का देतो आहोत ते ठाऊक होतं. कुरिअरने आलेल्याबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांच्या घरी आलं त्यांनी ठरवावं.

आता या शिट्टीकडे या. सरांच्या घरच्यांनी सांगितलं, कपाटात होती. रोह्याचे गृहस्थ सांगतात, निवृत्तीच्या दिवशी सरांनी स्वतः माझ्या हातात दिली. दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. मी फोनवर विचारपूस केली तेव्हा सरांचे एक जुने सहकारी हसून म्हणाले, सरांनी नोकरीत तीन-चार तरी शिट्ट्या झिजवल्या असतील. पण हे कुठे लिहिलेलं आहे का? एका चिठ्ठीवर? एका फोटोमागे? नाही. मॅराडोनाच्या टाक्यांना फोटो होते. आमच्या सरांच्या शिट्टीला नुसत्या आठवणी आहेत, आणि आठवणी माणसाबरोबर जातात.

तिसरी गोष्ट, गरजेची. आतापर्यंत लिलाव म्हटलं की आपण घेणाऱ्याकडे पाहिलं. जरा विकणाऱ्याकडे पाहू. अशी वस्तू माणूस विकायला काढतो कधी?

कराडजवळचं गोळेश्वर. खाशाबा दादासाहेब जाधव. २३ जुलै १९५२, हेलसिंकी, बँटमवेट फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. यानंतरचं वैयक्तिक पदक मिळायला देशाला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. आणि महाराष्ट्राला? बहात्तर वर्षं. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हा.

खाशाबांच्या पदकाची किंमत किती, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घोळवतो आहे. त्यातलं ब्राँझ भंगारवाला किलोच्या भावाने सांगेल. लिलाववाला काहीतरी वेगळा आकडा सांगेल. पण त्या पदकाशी जोडलेली एक रक्कम आधीपासूनच आहे, आणि ती सात हजार रुपयांची. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी खेटे घालून झाले, गावाने वर्गणी काढली, तरी तूट राहिली. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी. १९५२ सालचे सात हजार!

पैलवान परत आला. कराडच्या स्टेशनावरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. पण मला त्यानंतरची गोष्ट जास्त थोर वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. ऑलिम्पिकचा पदकवीर, पदक घरी ठेवून, गुरूचं कर्ज फेडायला आखाड्यात उतरतो. पदक विकायचं त्याच्या मनातही आलं नसेल. त्याच्याकडे विकायला अंगातली ताकद होती.

पुढे ते पोलीस खात्यात गेले, फौजदार म्हणून. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही, मागाहूनही नाही.

आणि २०१७ साली बातमी आली. खाशाबांचे चिरंजीव म्हणाले, वडिलांचं पदक लिलावात काढतो. का? घरात चूल पेटत नव्हती म्हणून नव्हे. गोळेश्वरात खाशाबांच्या नावाचं कुस्तीचं संकुल उभारायचं आश्वासन सरकारने दिलं होतं, वर्षं उलटली, काम उभं राहिलं नव्हतं. सरकारला जमत नसेल तर पदक विकून आम्ही बांधतो, असा तो सवाल होता.

मी ती बातमी चारदा वाचली. काही मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली, वडिलांची पुण्याई विकायला काढली म्हणून. मला उलट वाटलं. त्या घराने पदकाची किंमत सांगितलीच नव्हती. आपली किंमत विचारली होती. सरकारची, तुमची, माझी. पासष्ट वर्षं एका खेड्यातल्या कुटुंबाने देशाची वस्तू फुकट सांभाळली. कुलूप त्यांचं, कपाट त्यांचं, चोराची धास्ती त्यांची. पाहायला येणाऱ्याला चहासुद्धा त्यांचाच. आपण काय दिलं? तो लिलाव झाला नाही. पदक देशातच राहिलं. पण ते देशात राहिलं ते त्या कुटुंबामुळे, कुठल्या कायद्यामुळे नव्हे, हे ध्यानात घ्या.

कायद्याचं सांगतो. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती देशाबाहेर नेता येत नाही. खाशाबांच्या पदकाला शंभर वर्षं पुरी होतील २०५२ साली. तोपर्यंत या कायद्याच्या लेखी ते पदक आणि माझ्या घरची परात यांत फरक नाही. साधा विमा उतरवायला जा, तो बाजारभाव विचारेल आणि वर घसारा कापेल. पदकाला घसारा!

एक कायदा मात्र मला आवडतो, आणि पेणमध्ये सांगण्यासारखा आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम असं त्याचं भयंकर मराठी नाव आहे, नावाने घाबरू नका. तुमची वस्तू दुसऱ्याने दाबून ठेवली तर कोर्ट सहसा म्हणतं, नुकसानभरपाई घे. पण हा कायदा म्हणतो की काही वस्तूंचं नुकसान पैशाने भरून येत नाही, काहींचं नुकसान मोजताच येत नाही, तिथे ती वस्तूच परत करायला लावा. आणि १८७७ च्या मूळ कायद्यात इंग्रजाने याला दाखला कोणता दिला होता? घराण्याच्या देवाची मूर्ती! मूर्ती दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर मूर्तीच परत द्यायची, पैसे नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजाच्या कायद्याला जे कळलं ते मंडळाच्या चिटणिसाला कळलं नव्हतं.

विकणारे सगळे गरजू किंवा संतापलेलेच असतात असं नाही. पोलंडची मारिया आंद्रेझिक, टोकियोला भालाफेकीत रौप्यपदक मिळवलं आणि घरी आल्याबरोबर एका अनोळखी तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ते लिलावात काढलं. एका दुकानांच्या कंपनीने बोली जिंकली, पैसे दिले, आणि पदक तिच्याकडेच ठेवायला सांगितलं. शेन वॉर्नने २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी आपली कसोटीची हिरवी टोपी विकली. दहा लाख सात हजार पाचशे ऑस्ट्रेलियन डॉलर आले. घेणाऱ्या बँकेने ती गावोगाव फिरवून ब्रॅडमनच्या नावाच्या संग्रहालयाला दिली. अशी माणसं घेणारी असली की लिलाव या शब्दाला वास येत नाही. आपल्याकडे असे घेणारे का निघत नाहीत, याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलेल्यांनी द्यावं. मी नावं घेत नाही.

विकण्याचं झालं, आता सांभाळण्याचं. रोह्याला दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस तिला बंदुकांसह मानवंदना देतात. काल मी रोहेकरांना विचारलं, या मानाचे पैसे किती? सगळे हसले. मग विचारलं, पण हा मान चालू राहावा म्हणून दरवर्षी कोणीतरी अर्ज लिहितं, कोणीतरी वेळ ठरवतं, कोणीतरी रस्ता मोकळा ठेवतं, ते कोण? तर चार जणांची नावं लगेच आली. म्हणजे जिथे मान आहे तिथे चार माणसं राबतात. आमच्या ढालीसाठी एकही माणूस राबला नाही. मी तर सही केली.

तेव्हा मला संग्रहालय मागायचं नाही. इमारत मागितली की कुदळ मारायला पुढारी येतात आणि पुढे गवत येतं. मी फार लहान गोष्ट मागतो आहे. पेणच्या आणि रोह्याच्या घराघरांत, मंडळांच्या कपाटांत चषक आहेत, ढाली आहेत, जिल्ह्याकडून खेळल्याचे बिल्ले आहेत, फाटक्या जर्सी आहेत, ओल लागलेली प्रमाणपत्रं आहेत. २००५ च्या जुलैच्या पुराने नेली त्यातून उरलेली. आज घरी गेल्यावर त्यातली एक खाली काढा. पुसू नका, तशीच फोटो काढा. आणि एका चिठ्ठीवर लिहा: ही कोणाची, कुठल्या सामन्याची, कुठल्या साली, मी हे कोणाकडून ऐकलं. खाली नाव, तारीख. चिठ्ठी वस्तूला बांधा. घरात म्हातारं माणूस असेल तर हे काम या रविवारीच करा.

कार्यकर्त्यांना विनंती करून मी बाहेर चपलांच्या शेजारच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिलं पान माझं आहे: फिरती ढाल, सतरा पट्ट्या, पाच नावं, मोड विक्री रुपये २१०, सही करणारा मी. उरलेली बारा नावं कोणाला आठवत असतील तर तिथे भर घाला. दुसरं पान शिट्टीसाठी कोरं सोडलं आहे. अर्धं सरांच्या घरच्यांनी लिहावं, अर्धं रोह्याच्या त्या गृहस्थांनी. वही उद्या रोह्याला जाईल. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, ते कोणी खिशात घालून नेऊ नये.